कामथे सरांची रसद

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते श्रीनिवास कामथे यांचे. आम्ही त्यांना कामथे सर म्हणत असू, पण त्यांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले आणि गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी मानेसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "गजानन, सर गेले रे. बसमध्ये आहेस का? मग पोचल्यावर साहेबांना सांगून नीट परत ये. धावपळ करू नकोस." त्यांचा आवाज इतका सरळ होता की मी "हो काकू" एवढंच म्हणालो.

शोकसभेला बरेच लोक आले. बहुतेक जण एकच गोष्ट बोलले. सर शांत होते, सोशिक होते, त्यांनी कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. हे खरं नाही. सरांनी मनात ठेवलं होतं. नीट पुसून, झाकून, ताजं ठेवलं होतं. ज्या माणसाबद्दल ठेवलं होतं, त्यानेही काकूंना फोन करून शोकसभेत दोन शब्द बोलू का, असं विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "पाटणकर, तुमचे दोन शब्द आम्ही कॅसेटच्या पाठीवर वाचलेत. तेवढे पुरे." सरांना सोशिक ठरवून वाटेला लावलं जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

माझं शिक्षण वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत झालं. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. घरातला पहिला पदवीधर मी. मानेसरच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची नोकरी लागली, तेव्हा मला हिंदी बरी आणि इंग्रजी फक्त वाचता येत होती. गाझियाबादच्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रोजेक्टर चालेना. मी पुढे होऊन एक वायर काढली, दुसरी घातली, पडद्यावर चित्र आलं, आणि लोकांनी माझी पाठ थोपटली. एक उंच, वाकलेले गृहस्थ तेवढे जवळ येऊन म्हणाले, "काय बिघडलं होतं?"

"माहीत नाही सर. चालू झालं ना."

"मग दुरुस्त झालं म्हणू नकोस. आत्ता चालतंय म्हण."

असं आमचं नातं सुरू झालं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो. ते इंग्रजीतली यंत्रांची माहितीपुस्तकं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. उच्चार चुकला की काकू स्वयंपाकघरातून हसत, आणि सर म्हणत, "हसू दे तिला, तू बिल्कुल थांबू नकोस." मी बढतीच्या मुलाखतीला बसलो तेव्हा त्यांनी आठवडाभर माझी उलटतपासणी घेतली. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. एखादं यंत्र आपोआप सुरू झालं की मी त्यांना तोच प्रश्न विचारतो, आणि ते माझ्यावर वैतागतात.

सरांनी लिहिलेल्या संगणकाच्या खेळाबद्दल मला पहिली दोन वर्षं काहीच माहीत नव्हतं. मग एका रविवारी त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढून माझ्यासमोर ठेवली. वेष्टनावर बैलगाड्यांचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत नाव, 'रसद'. मागे लिहिलं होतं, 'लेखन आणि निर्मिती : पाटणकर'.

"हे मी लिहिलंय," सर म्हणाले.

ऐंशीच्या दशकात दिल्लीत छोटे घरगुती संगणक जोडले जायचे. ते टीव्हीला लावायचे आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून आत भरायचा. तरुणपणी सर नेहरू प्लेसमध्ये पाटणकरांच्या कंपनीत कामाला होते. खेळाची कल्पना सरांचीच. पानिपतावर मराठ्यांचं सैन्य अडकलं आहे, शत्रूने वाटा तोडल्या आहेत, आणि खेळणाऱ्याने धान्याच्या गाड्या छावणीपर्यंत पोचवायच्या. यात तलवार चालवायची नाही, माणसांना जेवायला घालायचं. सर म्हणायचे, "लढाईवर सगळे बोलतात. उपाशी कोण होतं ते कुणी बोलत नाही." काकू तेव्हा प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवत. संगणकाला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून अक्षरं काढून दिली आणि सरांनी ती ठिपक्याठिपक्याने पडद्यावर चढवली.

खेळ बाजारात आला तेव्हा पहिल्या पडद्यावरचं सरांचं नाव गेलेलं होतं. तिथे पाटणकरांचं होतं. सर विचारायला गेले, तर पाटणकर म्हणाले, "अरे, नाव कंपनीचं असतं. तू पगार घेतोस ना?" सरांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. मूळ कॅसेट त्यांच्याकडे होती, पण काकूंच्या बहिणीने त्यावर रेडिओवरची नाट्यगीतं भरून घेतली. त्या बहिणीशीही सर पुढे मोजकंच बोलत.

"सर, तुम्ही तक्रार का नाही केली?" मी विचारलं.

"केली," ते म्हणाले. "जिथे करायची तिथे केली." मला वाटलं, देवाबद्दल बोलताहेत.

मग त्यांनी ड्रॉवरमधून तळहाताएवढा एक उघडा बोर्ड काढला. एका पाटीवर मावलेला पूर्ण संगणक. मुलीने परदेशातून पाठवला होता. त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम, चालवायचा आणि त्यात 'रसद' खेळायची, असा त्यांचा बेत होता. हात थरथरू लागले होते म्हणून त्यांना माझे हात हवे होते. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. ते जवळजवळ वर्षभर चाललं.

पहिल्यांदा बोर्ड सारखा बंद पडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकायचं. मी कार्ड बदललं, प्रोग्राम पुन्हा चढवला. सर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ते चिन्ह तुला काहीतरी सांगतंय, तू त्याला शोभेचं समजतोयस." मी मोबाइलचा जुना चार्जर लावला होता, त्यातून वीज पुरत नव्हती. मग कॅसेट. ती टेपरेकॉर्डरवर वाजवून लॅपटॉपवर तिची फाइल करायची होती, पण निम्म्यात तुटायची. फितीवर बुरशी होती, ती काकूंनी मऊ फडक्याने हळूहळू पुसली. टेपरेकॉर्डरच्या हेडला एक बारीक स्क्रू असतो, तो सरांनी डोळे मिटून मला फिरवायला लावला. "अजून... अजून थोडा... आवाज बोथट आहे. हां, आता धार आली. हात काढ." कॅसेट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली गेली.

खेळ सुरू झाला तर बैल पळत सुटले. आपल्याकडच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलायचं, एम्युलेटरने अमेरिकेसारखं साठ धरलं होतं. "बैल आहेत यार, ई-रिक्षा नाहीत," सर म्हणाले. तेही सुधारलं. आवाज फुटत होता, तो नीट केला. आणि मग खरा बिघाड पुढे आला. कितीही चांगलं खेळा, छावणी उपाशी मरायची. गाड्या वेळेवर पोचायच्या, वाटेत लूट व्हायची नाही, तरी रोज सकाळी कोठारात आदल्या रात्रीपेक्षा धान्य कमी. कुणी खाल्लं, कुठे गेलं, पत्ता नाही.

मी एम्युलेटरवर संशय घेतला. दुसरा लावला, तिसरा लावला. घड्याळाचा वेग कमीजास्त केला. शेवटी पानिपतच्या एका संग्राहकाकडे त्या काळचं खरं यंत्र आहे असं कळलं, म्हणून रजा टाकून कॅसेट घेऊन तिथे गेलो. त्यावरही छावणी उपाशी मेली. परत येऊन मी सांगितलं, "सर, बोर्डात दोष नाही. खेळातच आहे." मला वाटलं, ते नाराज होतील. ते म्हणाले, "शाबास. चला, आता खेळ वाच."

मी तो प्रोग्राम ओळीओळीने वाचायला घेतला. जुन्या यंत्राची भाषा मला येत नव्हती, रविवारी सर ती शिकवत, पण प्रश्नाचं उत्तर देत नसत. काही महिन्यांनी एक विचित्र तुकडा सापडला. खेळातली प्रत्येक सकाळ सुरू होण्याआधी प्रोग्राम पहिल्या पडद्याकडे जात होता. तिथल्या नावातले ठिपके मोजत होता. बेरीज ठरलेल्या आकड्याशी जुळली नाही, की कोठारातलं थोडं धान्य गुपचूप काढून घेत होता.

मी मान वर करून सरांकडे पाहिलं. ते कपातला चहा बशीत ओतत होते.

"सर, हा तुम्ही..."

"पाटणकरने आधी एका मुलाचा हिशेबाचा प्रोग्राम असाच स्वतःच्या नावावर केला होता. माझंही नाव पुसणार हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पुसू दे म्हटलं. पण मग पानिपत जिंकायचं नाही. त्याने जिथे जिथे हा खेळ विकला तिथे तिथे तो हरलेला विकला. तू पहिला, ज्याने विचारलं धान्य जातं कुठे."

"लोकांनी तक्रार केली नाही?"

"केली. तो म्हणाला, इतिहास असाच आहे, पानिपत जिंकता येत नाही, म्हणून मी मुद्दाम असं केलं. त्यावर त्याने भाषणं दिली रे. टाळ्या घेतल्या." सर इतके मनापासून हसले की त्यांना खोकला आला. काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव निघालं की यांना दम लागतो. आणि यांना त्याचंच नाव काढायचं असतं."

आता नाव परत लावायचं होतं. मी लॅपटॉपवरच्या अक्षरांनी 'लेखन : श्रीनिवास कामथे' असं चढवलं. बेरीज जुळेना. सर म्हणाले, "ती अक्षरं तुझ्या संगणकाची आहेत. माझ्या खेळात हिची होती." काकूंनी चौकटीचा कागद घेतला, चष्मा लावला आणि इतक्या वर्षांनी तशीच अक्षरं काढली. 'थ'ची गाठ त्या थोडी सैल काढतात, ती तशीच आली. तरी बेरीज बरीच कमी पडली. मी पुन्हा पुन्हा मोजलं. काकू म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुझं नाही चुकलं," सर म्हणाले. "तुझं राहिलं. खाली एक ओळ आणखी होती. अक्षरं : सुमन कामथे."

काकूंना हे ठाऊकच नव्हतं. कॅसेट दुकानात आली तेव्हा दोन्ही ओळी गेलेल्या होत्या, आणि न मिळालेली गोष्ट सांगून काय करायचं, म्हणून सरांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलला टोक काढलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझंही पुसलं त्याने. बरं झालं आज सांगितलंत. मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही जरा जास्तच धरून बसलाय." त्यांनी स्वतःचं नाव काढलं. बेरीज जुळली. त्या दुपारी आम्ही तिघांनी आळीपाळीने खेळून छावणी जगवली.

सर आजारी पडले ते त्यानंतर. फुप्फुसं आधीच कमजोर होती, त्यात इथला हिवाळा. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते सतत घरघरायचं आणि सरांना फोनवरचं काही ऐकू येत नसे. त्याच सुमाराला मंडळाच्या चिटणीसांचा मला निरोप आला. संक्रांतीला मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला जाणार, स्मारकावर फुलं वाहून झाली की जवळच्या हॉलमध्ये ज्येष्ठ उद्योजक पाटणकर यांचा सत्कार, आणि त्यांचा तो प्रसिद्ध खेळ टीव्हीवर दाखवायचा आहे. तू कॉम्प्युटरचं बघतोस ना, तर व्यवस्था तू कर.

मी सरांना विचारायला गेलो. मनात थोडी भीती होती. पाटणकर म्हातारे, सणाचा दिवस, चार माणसांत अपमान. मी म्हणालो, "सर, त्यांना आधी एकटं भेटून सांगू का?"

सरांनी नाकावरची नळी सारखी केली. "त्याने माझं नाव एकट्यात पुसलं का? हजार घरांत पुसलं. तू लोकांसमोर लाव." मग थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, "आणि काय झालं ते मला मोबाइलवर नको. कागदावर लिही. हातात धरून वाचायचंय."

पानिपतहून परतल्यावर माझी आठवडाभर सलग ड्युटी होती, गाझियाबादला जाणं शक्य नव्हतं. मी पत्र लिहून मानेसरच्या पोस्टातून पाठवलं. ते वेळेवर पोचेल की नाही याची मला फार काळजी होती. पोचलं. काकूंनी वाचून दाखवायला घेतलं तर सरांनी ते काढून घेतलं आणि स्वतः वाचलं, मध्येमध्ये थांबत. शेवटाशी आले तेव्हा हसले आणि काकूंना म्हणाले, "कळवा म्हणतोय. काही कळवू नकोस." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

शोकसभेत कुणीतरी मला म्हणालं, आता सर गेले, तूही सोडून दे. मी सोडलेलं नाही. हे ज्या पुरवणीत छापून येतंय ती पाटणकर घेतात हे मला माहीत आहे, आणि हे त्यांनी वाचावं अशीच माझी इच्छा आहे. काकूंनी पत्र मला परत दिलं आणि छापायला परवानगीही दिली. ते असं :

मानेसर, बुधवार

तीर्थरूप सर,

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कागदावर मागितलंत म्हणून सगळं क्रमाने लिहितो. धुक्यामुळे बस उशिरा पोचली. स्मारकावर फुलं वाहिली. हॉलमधली वीज नीट होती, चार्जर मी चांगला नेला होता, पिवळं चिन्ह एकदाही आलं नाही.

पाटणकरांना शाल दिली. ते बराच वेळ बोलले. म्हणाले, मी तरुणपणी ठरवलं की हा खेळ कुणालाच जिंकू द्यायचा नाही, कारण पराभवातून माणूस शिकतो. टाळ्या झाल्या. मग त्यांच्या नावाची प्रत मी लावली, ते स्वतः खेळले आणि नेहमीच्या ठिकाणी छावणी उपाशी मेली. "पाहा," ते म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

मी माइक मागून घेतला आणि म्हणालो, याची एक जुनी प्रत आहे, तीही बघू. पडद्यावर तुमचं आणि काकूंचं नाव आलं. चिटणीस माझ्या कानाशी आले, "हे काय लावलंस?" मी म्हणालो, खेळ लावलाय. खेळायला नेने काकू पुढे आल्या, रेल्वेच्या सामानाच्या विभागातून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिली गाडी हलवण्याआधी चाऱ्याचा हिशेब विचारला. तुम्हाला त्या आवडल्या असत्या. त्या सहज जिंकल्या. शेवटी छावणीतल्या चुली एकेक करून पेटतात ना, तेव्हा हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते.

पाटणकर उठून म्हणाले, "यात कुणीतरी छेडछाड केली आहे."

मी म्हणालो, "हो साहेब. तुम्ही केली होती. मी होतं तसं परत लावलं." मग मी त्यांना विचारलं की तुमच्या प्रतीत रोज सकाळी धान्य कमी होतं, ते प्रोग्रामात कुठे लिहिलंय आणि का, हे सर्वांना सांगा. लेखक तुम्ही आहात. ते म्हणाले, इतक्या वर्षांचं आता कुठे आठवणार. मी म्हणालो, कामथे सरांना आठवतं. आणि मी ते सगळं समजावून सांगितलं, हिंदीतही सांगितलं, कारण मागे हॉलवाल्यांची माणसं उभी होती आणि त्यांनाही कळायला हवं होतं. शाल त्यांनी खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. कुणी ठेवा म्हटलं नव्हतं. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही.

बस सुटायच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "कामथे आहे अजून?" म्हणाले. मी म्हणालो, "आहेत. गाझियाबादला." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, तिळगुळाची. "हा त्याला दे. म्हणावं, झालं गेलं विसर, गोड बोल."

तिळगुळाला नाही म्हणू नये असं मला आईने शिकवलंय, आणि आजवर मी कुणालाही म्हटलेलं नाही. सर, मी हात मागे घेतला. ते पुडी धरून तसेच उभे राहिले आणि मी बसमध्ये चढलो. पण तिळगूळ तुमच्या नावाचा होता, तेव्हा नाही म्हणायचा हक्क खरं तर तुमचा. घ्यायला हवा होता असं तुम्हाला वाटत असेल, तर कळवा. मी त्यांच्या घरी जाऊन मागून आणीन.

आपला नम्र,
गजानन